सेल्फ फिरतो पण गाडी स्टार्ट होत नाही, किंवा मिसिंग करते: इंजेक्शन-इग्निशनचा करंट कुठे अडतोय ते असं शोधा

सेल्फ मस्त फिरतोय, डॅशबोर्डवरचे लाईट सगळे लागतायत, पण इंजिन काही चालू होत नाही. किंवा चालू होतं पण तीन सिलेंडरवर थरथरत, पिकअप नाही, चढाला झटके. असं झालं की पहिली सुरुवात पार्ट बदलण्यापासून होते आणि तिथेच घोळ होतो. माझ्या गाडीने असाच छळ केला होता, गरम झाली की रस्त्यात बंद पडायची आणि अर्धा तास बोनेट उघडं टाकून उभी ठेवली की काही झालंच नाही अशी स्टार्ट. आधी टाकीतला पेट्रोलचा पंप बदलला, मग कॉइल (प्लगला स्पार्कसाठी हाय व्होल्टेज देते ती), मग स्कॅनरने क्रँक सेन्सरचा कोड दाखवला म्हणून तोही बदलला, तरी तेच. शेवटी निघालं काय, तर त्या सेन्सरची वायर एका ब्रॅकेटच्या कडेवर घासून उघडी पडली होती आणि इंजिन तापलं, आवरण मऊ झालं की बॉडीला टेकायची. बदललेले तीन चांगले पार्ट डिक्कीत पडून, चोर सोडून संन्याशाला फाशी.

तेव्हापासून माझा एकच हट्ट, पार्ट खोलायच्या आधी त्या पार्टपर्यंत करंट येतोय का, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) येतोय का आणि ईसीएमचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) सिग्नल येतोय का, हे तीन बघायचं. तिन्ही असून पार्ट काम करत नसेल तरच पार्ट खराब.

हे सगळं पेट्रोल इंजिनबद्दल लिहितोय. डिझेलला स्पार्क प्लगच नसतात आणि कॉमन रेलचं प्रेशर इतकं भयंकर असतं की तिकडे हौस म्हणून हात घालू नका. पेट्रोलमध्येही डायरेक्ट इंजेक्शनवाली गाडी असेल तर इंजेक्टरला ६५ व्होल्टच्या आसपास झटका जातो आणि रेलमध्ये ५० ते २०० बार किंवा त्याहून जास्त प्रेशर असतं, त्यामुळे खालच्या इंजेक्टरच्या टेस्ट त्या गाड्यांना लावू नका.

हत्यारं फार लागत नाहीत. एक बरा डिजिटल मल्टीमीटर, एक एलईडीचा टेस्ट लॅम्प, एक २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट वायर लावून, स्पार्क टेस्टर आणि साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून ईसीएममधले फॉल्ट कोड वाचायचा). जुना फिलामेंटवाला टेस्ट लॅम्प पॉवर आणि अर्थ बघायला उत्तम आहे पण सेन्सरच्या आणि ईसीएमच्या सिग्नल वायरला तो लावायचा नाही, तो जास्त करंट ओढतो आणि आतलं सर्किट जाऊ शकतं. पिवळ्या कपलरच्या (वायर जोडायच्या प्लास्टिकच्या जोडाच्या) वायर दिसल्या तर त्या एअरबॅगच्या असतात, तिकडे बघायचंसुद्धा नाही. आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवून चालू सर्किटला लावू नका, रीडिंग खोटं येतं वर मीटर जातो.

आता सुरुवात बॅटरीपासून, हसू नका. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरली. पण खरी परीक्षा सेल्फ मारताना, मीटर बॅटरीला लावून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, ९.६ च्या खाली गेली तर आधी बॅटरी आणि टर्मिनलचं बघा. कारण होतं असं की व्होल्टेज खूप पडलं की सेल्फ कसाबसा फिरत राहतो पण ईसीएम मधेच झोपतो, मग स्पार्क नाही, इंजेक्शन नाही, आणि आपण बसतो कॉइल तपासत.

बॅटरी ठीक असेल तर स्कॅनर लावा. स्कॅनर चालूच होत नसेल तर घाबरू नका, ओबीडी सॉकेटच्या १६ नंबर पिनला बॅटरीचा करंट आणि ४ व ५ नंबरला अर्थ असतो, बऱ्याच गाड्यांत हा करंट सिगरेट लायटरच्याच फ्यूजमधून येतो आणि कोणीतरी चार्जर लावून तो उडवलेला असतो. स्कॅनरला लाईट येतो पण ईसीएम बोलत नाही, बाकीचे मॉड्यूल मात्र बोलतात, असं असेल तर ईसीएमलाच पॉवर किंवा अर्थ नाही असं धरून मेन रिलेकडे (ईसीएमला करंट सोडणाऱ्या विजेच्या स्विचकडे) जा.

कोड आले तर लिहून घ्या, फ्रीझ फ्रेम असेल तर तीही (कोड पडला तेव्हा इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, हे त्यात असतं आणि लोक ते न बघता कोड उडवून मोकळे होतात). मग कोड नीट वाचा. पी०३०० म्हणजे कुठलाही सिलेंडर मिस होतोय, पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे पहिला ते चौथा. पी०२०१ पासून पुढचे इंजेक्टरच्या सर्किटचे, पी०३५१ पासून पुढचे कॉइलच्या सर्किटचे, पी०३३५ क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०३४० कॅम सेन्सरचं. सर्किट हा शब्द महत्त्वाचा! पी०३३५ चा अर्थ सेन्सर गेला असा नाही, सेन्सर, त्याचा कपलर, दोन-तीन वायरी आणि ईसीएमपर्यंतचा अख्खा रस्ता, यात कुठेतरी गडबड आहे एवढाच. मला हे एवढं आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

स्टार्टच होत नसेल तर पुढचा प्रश्न, काय गायब आहे, पेट्रोल की स्पार्क की दोन्ही? चावी ऑन केली की मागे टाकीत पंपाचा दोन-तीन सेकंद घूंऽऽ आवाज येतो, तो ऐका (काही गाड्यांत दार उघडल्यावरच येतो). मग थोडा वेळ सेल्फ मारून एक प्लग काढा. प्लग पेट्रोलने ओला म्हणजे पेट्रोल येतंय, स्पार्क नाही. प्लग कोरडा ठणठणीत म्हणजे इंजेक्शन नाही किंवा प्रेशर नाही. साधी टेस्ट आहे पण अर्धं काम करते.

स्पार्क बघताना कॉइल काढून प्लग बॉडीला टेकवून बघायची जुनी सवय सोडा. स्पार्क टेस्टर लावा, त्याचा क्लिप इंजिनला पक्का अर्थ करा, आणि आधी सगळ्या इंजेक्टरचे कपलर काढून ठेवा म्हणजे पेट्रोलचा फवारा आणि ठिणगी एकत्र येणार नाही आणि कच्चं पेट्रोल कॅटॅलिटिकमध्ये (सायलेन्सरच्या लाईनमधल्या धूर साफ करणाऱ्या डब्यात) साचणार नाही. कॉइल मोकळी हवेत ठेवून सेल्फ मारू नका, ठिणगीला जायला जागा मिळाली नाही की ती कॉइलच्या आतच फुटते, कधी ईसीएमचा ड्रायव्हरही (कॉइल-इंजेक्टर चालू-बंद करणारा आतला इलेक्ट्रॉनिक स्विच) घेऊन जाते. हा करंट २०-३० हजार व्होल्टचा असतो, ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी लांबच थांबा.

स्पार्क आणि इंजेक्शन दोन्ही गायब असेल तर खरं तर काम सोपं झालं, कारण चार कॉइल आणि चार इंजेक्टर एकाच दिवशी मरत नाहीत. दोघांना सामाईक काय आहे ते शोधायचं. मेन रिले, त्याचा फ्यूज, ईसीएमचा अर्थ, क्रँक सेन्सर, इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा), बस. इमोबिलायझरचा चावीचा दिवा सेल्फ मारताना भराभर लुकलुकत राहिला तर दुसरी चावी लावून बघा, बाकी काही खोलू नका. आणि काही गाड्यांत धक्का बसला की पंप तोडणारा एक स्विच असतो, खड्ड्यात जोरात आपटल्यावर बंद पडली असेल तर तो आधी दाबून बघा.

फ्यूज डोळ्यांनी बघून ठीक आहे म्हणू नका, जागेवरच ठेवून त्याच्या पाठीवर दोन बारीक टोकं उघडी असतात तिथे टेस्ट लॅम्प लावा, दोन्ही बाजूंना पेटला तरच फ्यूज चांगला. रिलेला सहसा चार पाय, ८५ आणि ८६ हे आतल्या गुंडाळीचे, ३० ला बॅटरीचा करंट येतो आणि रिले ओढला की ८७ मधून पुढे जातो. टक असा आवाज आला म्हणजे रिले चांगला हा गैरसमज आहे, आतले पॉइंट जळलेले असले तरी आवाज येतोच. त्याच नंबरचा हॉर्नचा रिले मिळाला तर अदलाबदल करा, पायांची आकृती मात्र जुळवून. पंपाचा रिले काढून ३० आणि ८७ फ्यूजवाल्या वायरने जोडले आणि पंप फिरला, तर पंप आणि त्याची वायरिंग ठीक, दोष अलीकडे आहे, म्हणजे रिले किंवा त्याला ईसीएमकडून मिळणारी आज्ञा.

क्रँक सेन्सरवर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त फसवणारा हाच. हा सांगतो इंजिन फिरतंय आणि कुठल्या कोनात आहे, याचा सिग्नल नाही तर ईसीएमच्या दृष्टीने इंजिन उभंच आहे, मग तो स्पार्क कशाला देईल आणि बऱ्याच गाड्यांत पंपही कशाला चालू ठेवेल. बऱ्याच इंजिनांत त्याच्यासमोर ६० दात्यांच्या हिशोबाची चकती फिरते ज्यातले दोन दाते मुद्दाम ठेवलेले नसतात, त्या रिकाम्या जागेवरून ईसीएमला ठिकाण कळतं. सोपी टेस्ट अशी की स्कॅनरवर लाइव्ह डेटात आरपीएम लावा आणि सेल्फ मारा. दीडशे ते तीनशेच्या मधे काही दिसलं तर सिग्नल येतोय, शून्यच राहिला तर इथेच पकडा.

सेन्सर दोन प्रकारचे. दोन वायरवाला असेल तर तो बहुतेक चुंबक आणि गुंडाळीचा, याला बाहेरून करंट लागत नाही. कपलर काढून सेन्सरच्या पिनांवर ओहम बघा, साधारण काही शे ते दीड हजाराच्या आसपास यायला हवेत, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारल्यावर निदान अर्धा व्होल्ट तरी हालायला हवा. तीन वायरवाला हॉल सेन्सर, याचे ओहम मोजायचेच नाहीत. कपलरवर एका पिनला ५ किंवा १२ व्होल्ट, एकाला अर्थ, आणि तिसऱ्यावर सेन्सर जोडलेला असताना सेल्फ मारला की सिग्नल वर-खाली उड्या मारतो, तो मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून बघा. वायरचं आवरण टोचू नका, त्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी हिरवी वायर आपलीच वाट बघत असते.

गरम झाल्यावर बंद आणि गार झाल्यावर चालू, हे ऐकलं की सेन्सर किंवा त्याची वायर, दोन्ही संशयित. बंद पडलेल्या क्षणीच मोजायला हवं, गार झाल्यावर मोजून सगळं बरोबरच येणार. हेअर ड्रायरने किंवा हीट गनने लांबून हळूहळू तापवून बघा. आणि वायरिंग हातात धरून सेन्सरपासून ईसीएमकडे थोडं थोडं हलवत जा, मीटरवर किंवा स्कॅनरवर डोळा ठेवून. माझी वायर अशीच सापडली.

एक गंमत अजून. ५ व्होल्टचा पुरवठा बरेच सेन्सर वाटून घेतात, मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणारा), थ्रॉटल, काही गाड्यांत एसीच्या गॅसचा प्रेशर सेन्सरसुद्धा. यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे ५ व्होल्ट बसतात आणि स्कॅनरवर सात-आठ कोडांची जत्रा भरते. अशा वेळी ५ व्होल्टच्या वायरवर मीटर लावून एकेक सेन्सरचा कपलर काढत जा, ज्याचा काढल्यावर व्होल्टेज परत ५ ला आलं तो गुन्हेगार. कोणताही काढून आलं नाही तर वायर कुठेतरी घासलीये.

फक्त इंजेक्शन नाही, स्पार्क आहे, तर इंजेक्टरचा कपलर काढून मोजा. साध्या पेट्रोल इंजेक्टरचे बहुतेक १२ ते १६ ओहम येतात, चारही साधारण सारखे हवेत. कपलरच्या एका पिनला रिलेमधून १२ व्होल्ट येतो (काही गाड्यांत सेल्फ मारतानाच) आणि दुसरी पिन ईसीएम क्षणभर अर्थ करतो, म्हणजे इंजेक्टर अर्थच्या बाजूने चालतो हे डोक्यात ठेवा. एलईडी लॅम्प कपलरच्या दोन पिनांमध्ये लावून सेल्फ मारला की तो फडफडायला हवा. अजिबात पेटला नाही तर आधी १२ व्होल्ट आहे का ते बघा, असेल तर अर्थचा पल्स नाही. आणि न फडफडता सलग पेटूनच राहिला तर लगेच थांबा, ती वायर कुठेतरी बॉडीला लागलीये किंवा ईसीएमचा ड्रायव्हर चिकटलाय, असा इंजेक्टर उघडाच राहतो, सिलेंडर पेट्रोलने भरतो आणि त्यावर सेल्फ मारत बसलात तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पल्स चारही ठिकाणी व्यवस्थित आहे तरी प्लग कोरडे, मग करंटचा विषय संपला, फ्यूएल प्रेशर गेज लावा, ३ ते ४ बारच्या आसपास हवं.

गाडीला सीएनजी किंवा एलपीजीचं किट असेल तर वरचं सगळं करायच्या आधी किटवाल्याने इंजेक्टरच्या वायर कुठे कापून जोडल्यात ते शोधा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी मी इतक्यांदा बघितलीये की आता मी सरळ तिथूनच सुरुवात करतो. पेट्रोलवर मिस आणि गॅसवर ठीक, तर पेट्रोल इंजेक्टर किंवा हाच जोड. दोन्हीवर मिस, तर कॉइल-प्लगकडे चला.

एकच सिलेंडर मिस होत असेल तर अदलाबदलीसारखी टेस्ट नाही. समजा पी०३०२ आहे, दुसरी कॉइल तिसऱ्यावर आणि तिसरी दुसऱ्यावर टाका, कोड उडवा, गाडी चालवा. पी०३०३ आला तर कॉइल गेली. दुसऱ्यालाच राहिला तर प्लग फिरवा, मग इंजेक्टर, आणि तरी दुसरा हलेना तर त्या सिलेंडरच्या कॉइल-इंजेक्टरच्या कपलरवर करंट, अर्थ, सिग्नल बघा, तेही ठीक असतील तर कम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) बघा. कॉइल फिरवताना रबरी बूट नीट बघा, आत काळी बारीक रेघ दिसली तर ठिणगी तिथून पळतेय, प्लगच्या पोर्सेलिनवरही तशीच रेघ येते आणि एकच बदललं तर दुसरं परत खराब करतं, दोन्ही बदला. प्लगच्या विहिरीत ऑइल असेल तर आधी व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट. जुन्या पद्धतीचा एकच कॉइल पॅक असेल तर चार सिलेंडरवाल्यात १ आणि ४ ची जोडी असते, २ आणि ३ ची जोडी. १ आणि ४ दोन्ही एकदम मिस म्हणजे बहुतेक पॅकमधली ती कॉइल किंवा तिची वायर, आधी प्लगकडे वळू नका.

मिसिंग असताना चेक इंजिन लाईट लुकलुकत असेल तर गाडी रेटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिकमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो.

कॉइलच्या कपलरवर तेच तीन, १२ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. दोन पिनवाल्या कॉइलची प्रायमरी साधारण अर्धा ते दोन ओहम येते. तीन किंवा चार पिनवाल्यात इग्नायटर (कॉइल चालू-बंद करणारा स्विच) आतच असतो, तिचे ओहम मोजून काही कळत नाही, तिथे अदलाबदलच करा.

फ्यूज परत परत उडत असेल तर मोठा फ्यूज टाकू नका, वायरिंग जळेल. फ्यूजच्या जागी तो २१ वॅटचा बल्ब लावा. शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणारच नाही, मग निवांत एकेक कपलर काढत बसा, ज्या कपलरला बल्ब मंद झाला तिथे शॉर्ट. कॉइल आणि इंजेक्टर एकाच फ्यूजवर असतील तर एक शॉर्ट कॉइल अख्खी गाडी बंद करते, हे लक्षात आलं नाही की माणूस पंप बदलून येतो.

अर्थबद्दल बोललं नाही तर हे अर्धवट राहील. मीटर ओहमवर लावून अर्थ ठीक आहे म्हणणं म्हणजे स्वतःला फसवणं, वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर शून्यच दाखवतो, करंट ओढायला लागलं की मग तिचा जीव जातो. म्हणून चालू सर्किटमध्ये व्होल्टेज ड्रॉप बघा. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या साफ लोखंडावर, आणि सेल्फ मारा. ०.२ च्या आसपास ठीक, ०.५ च्या पुढे गेला तर इंजिन ते बॉडीची अर्थिंगची पट्टी गंजलीये किंवा क्लचचं काम करताना कोणीतरी परत लावायलाच विसरलंय. ईसीएमच्या अर्थ पिनला चावी ऑन करून ०.१ च्या वर नको. वाईट अर्थमुळे असे विचित्र प्रकार होतात की हेडलाईट लावला की गाडी मिस होते, आणि मग लोक ईसीएम रिपेअरला पाठवतात! ईसीएम सगळ्यात शेवटी, त्याच्या सगळ्या पॉवर, सगळे अर्थ आणि येणारे सिग्नल तपासून झाल्यावरच. त्याचा कपलर काढायच्या आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायला विसरू नका.

तुटलेली किंवा घासलेली वायर सापडली की नुसती टेप मारू नका, इंजिनच्या उष्णतेत टेपचा डिंक सुटतो. कापून, क्रिम्प किंवा सोल्डर करून, वर हीट श्रिंक. क्रँक सेन्सरच्या दोन वायर एकमेकींना पिळलेल्या असतात, तो पीळ तसाच ठेवा, वर जाळी असेल तर तीही जोडा, आणि कॉइलच्या वायरपासून लांब फिरवून ब्रॅकेटच्या कडेला रबरी नळीचा तुकडा लावून बांधा. मग कोड उडवा, गाडी पूर्ण गरम होईपर्यंत चालवा, चढाला तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये थोडी दाबून बघा कारण स्पार्कचा कमकुवतपणा लोडवरच उघडा पडतो, आणि परत येऊन पेंडिंग कोडही बघा, लाईट लागायच्या आधी तो तिथे दिसायला लागतो.